अकरावा प्रश्न

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज आम्हा तिघांना एकेक निळी वही दिली. रोज काय काम केलं, कसं केलं, कुठं अडलं, ते सगळं लिहायचं. दोन महिन्यांनी या वह्यांवरून आमच्या कामाची पुस्तिका तयार होणार आहे. घरी येताना मी दुकानातून आणखी एक वही घेतली, हिरवी. निळीत काय लिहायचं ते मला तोंडपाठ आहे: 'आज अकरा घरं झाली, दोन घरांना कुलूप.' जे तिच्यात लिहिता येणार नाही ते हिच्यात.

वही माझीच, तेव्हा मी कोण ते लिहायची खरं तर गरज नाही. पण कोरं पान दिसलं की आधी वय, धंदा, पत्ता भरावासा वाटतो. अठरा वर्षांची सवय. तर वय एकावन्न. धंदा प्रश्न विचारणे. टेकडीच्या पायथ्याशी छातीच्या आजारांचा छोटा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या खोलीत आमचं संशोधन चालतं. टेकडीपलीकडं क्रशर आहे. तिथं दिवसभर दगड फोडून खडी करतात, आणि वारा फिरला की धूळ इकडच्या घरांत येते. त्या धुळीनं माणसांच्या छातीचं काय होतं, हे आम्ही घरोघर जाऊन विचारतो. टेकडीवर मला प्रश्नवाली ताई म्हणतात. मला बघून काही जण दार लावून घेतात, पण तेही हसत.

आजवर प्रश्न तिकडून यायचे आणि उत्तरं तिकडं जायची. तिकडं म्हणजे समुद्रापलीकडच्या विद्यापीठात. दर तीन महिन्यांनी आम्ही फॉर्मची खोकी बांधून पाठवायचो. त्यांवरून तिकडं लेख व्हायचे, आणि लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात 'स्थानिक कार्यकर्त्यांचे आभार' असायचे. स्थानिक कार्यकर्ते म्हणजे मी. आता पुढचा पाच वर्षांचा अभ्यास इथून होणार. प्रमुख आमच्या डॉक्टर, प्रश्न आमचे, कागद आमच्या कपाटात. दोन वर्षं पत्रांवर पत्रं लिहून डॉक्टरांनी हे मिळवलंय. तिकडच्यांची अट एकच: उत्तरं नेमकी कशी गोळा करतो ते उघड लिहून द्यायचं, आणि चाळीस घरांत दुसऱ्या माणसानं तेच प्रश्न पुन्हा विचारून पडताळा घ्यायचा. एप्रिलमध्ये तिकडचे प्राध्यापक येणार, ते बघणार, मग सही करणार.

सगळे खूश आहेत. मीही आहे. तरी एका गोष्टीची भीती वाटते, कशाची ते उद्या लिहीन.

७ फेब्रुवारी

उद्या म्हणून तीन दिवस गेले. आजही नाही लिहीत, कारण आज कपाट आलं.

लोखंडी, चार कप्प्यांचं, दोन किल्ल्यांचं. आमचे फॉर्म आता यात राहणार म्हणून डॉक्टरांनी हौसेनं मोठं मागवलं. ते दारातून आत जाईना. आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं. शेवटी पोस्टमन म्हणाले, "दार काढा." हे पोस्टमन म्हणजे खरोखरचे पोस्टमन, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि माझ्याबरोबर घरं फिरायला लागले. टेकडीवरचा एकूण एक उंबरठा त्यांच्या पायाखालचा. दार काढलं, कपाट आत गेलं. मग दार परत बसेना. डॉक्टर जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकी मोठी बाई, छत्तीस वर्षांची, आणि अशी हसते. मला तिची माया वाटते, हे लिहायला काय हरकत आहे.

घरी येताना टाकीपाशी थांबले. चपलेचा पट्टा सैल झाला होता, घरी वन्संनाही तेच सांगितलं.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकते.

पुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाला एक पान आहे: हा प्रश्न आपण कसा विचारतो. पहिल्या दहा प्रश्नांची पानं झाली. अकराव्याशी घोडं अडलंय.

अकरावा प्रश्न छापलाय तो असा: 'सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसांबरोबर चालताना दम लागून मागे राहावे लागते का?' पुढं पाच चौकोन, शून्यापासून चारपर्यंत. 'कधीच नाही' म्हणजे शून्य, 'नेहमीच' म्हणजे चार.

आमच्या टेकडीवर सपाट रस्ता नाही. चेंडू हातातून सुटला तर तो थेट दवाखान्यात येतो. तीनशे बारा पायऱ्यांचा एक जिना आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. अठरा वर्षांपूर्वी पहिला फॉर्म मी आमच्याच घरात भरला, वन्संचा. मी विधवा, त्या बिनलग्नाच्या, आम्ही दोघी एकत्र राहतो. वन्संनी तीस वर्षं क्रशरच्या कँटीनमध्ये काढली आणि तेव्हाच त्यांची छाती वाजायची. त्यांना अकरावा प्रश्न वाचून दाखवला. म्हणाल्या, "सपाट रस्त्यावर? कधीच नाही बाई. सपाट रस्त्यावर मी जातेच कुठं?" मी शून्यावर खूण केली. शेजारच्या घरात तेच, त्याच्या वर तेच. तीन दिवसांत पस्तीस घरं झाली आणि पस्तीस शून्यं. माणूस समोर बसून खोकतोय आणि मी लिहितेय, दम लागत नाही.

प्रशिक्षणात मी हे विचारलं होतं. तिकडून आलेल्या साहेबांनी सांगितलं, प्रश्नाचा एकही शब्द बदलायचा नाही, स्वतःचं काही घालायचं नाही. मी मान डोलावली.

पण टेकडीवरची माणसं दम कसा सांगतात ते मला माहीत होतं. जिन्यावर पाच टप्पे आहेत: नळ, शिंपी, टाकी, शाळा आणि शेवटी माथा. शिंपी मरून पंधरा वर्षं झाली होती तेव्हाच, पण टप्पा अजून शिंपीच. बायका म्हणतात, "पूर्वी एका दमात माथा गाठायचे, आता शाळेपाशी बसावं लागतं." कुणी म्हणतं, "त्याचं काही खरं नाही, तो शिंप्यावर आलाय." तेव्हा पोस्टमन रोज टपाल घेऊन भेटायचे. एका दुपारी टाकीच्या सावलीत बसून आम्ही दोघांनी तक्ता केला. न थांबता माथा, शून्य. पहिल्यांदा शाळेपाशी थांबतो, एक. टाकी, दोन. शिंपी, तीन. नळापाशीच बसतो, चार. माझ्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर तो तक्ता आहे. त्या दिवसापासून अकरावा प्रश्न मी कुणाला विचारलेला नाही. जिन्यावर कुठं थांबता, एवढंच विचारते आणि आकडा भरते.

कुणाला सांगितलं नाही. त्याच आकड्यांवरून तिकडं लेख झाला की माथ्याकडच्या लोकांना दम जास्त लागतो. त्या लेखामुळं क्रशरला पत्र्याची शेड आणि पाण्याचे फवारे लावावे लागले. लेखात लिहिलंय, 'प्रमाणित प्रश्नावली जशीच्या तशी वापरली.' ते वाक्य डॉक्टरांनी मला मराठीत सांगितलं होतं, कौतुकानं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणजे मी अठरा वर्षं खोटं लिहितेय. आता हे पान कसं भरू?

१८ फेब्रुवारी

निळ्या वहीत अकराव्याचं पान मोकळं सोडून बाराव्यावर गेले. बारावा सोपा आहे, खोकल्याचा.

२६ फेब्रुवारी

पडताळ्याचं काम नर्सबाईंना दिलंय. निळी वही मिळालेल्या आम्हा तिघांतल्या या तिसऱ्या, महिन्यापूर्वी आल्या. मोठ्या इस्पितळात वीस वर्षं काढून आल्यात. वागणं पट्टीनं रेघ मारावी तसं सरळ. मी नुकत्याच केलेल्या घरांतली चाळीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि यादी त्यांच्या हातात दिली. म्हणाल्या, "ताई, काही विशेष सूचना?" मी म्हटलं, "दुपारी एकनंतर जाऊ नका, झोपलेले असतात."

हीच वेळ होती सांगायची.

वर येताना वन्सं दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, टाकीपाशी काय करत होतीस एवढा वेळ?" मी म्हटलं, पोस्टमन मागं राहिले होते, त्यांची वाट बघत होते. पोस्टमन आज रजेवर होते, हे त्यांना कुठं माहीत.

९ मार्च

आज डॉक्टरांनी दोन गठ्ठे टेबलावर ठेवले, एक माझा, एक नर्सबाईंचा. आम्ही चौघं बसून एकेक प्रश्न जुळवत गेलो. पहिला, चाळीसपैकी अडतीस. दुसरा, चाळीस. डॉक्टर प्रत्येकाला शाबासकी देत होत्या. दहावा, सदतीस. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

अकरावा, चाळीसपैकी सहा.

नर्सबाईंच्या गठ्ठ्यात चाळीसच्या चाळीस शून्यं. जुळली ती सहाच, जे खरोखर न थांबता माथा गाठतात त्यांची. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. मग हळूच विचारलं, "हा प्रश्न जरा घाईत झाला का?"

नर्सबाई म्हणाल्या, "शब्दन्‌शब्द वाचून दाखवला."

"चाळीस घरांत एकालाही दम लागत नाही? अहो, त्यातले सतरा जण आपल्याकडं औषधाला येतात."

"त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. अठरा वर्षांच्या ताई एकीकडं, एक महिन्याच्या नर्सबाई दुसरीकडं. त्यांना वाटलं, नर्सबाईंनी बसल्या जागी शून्यं भरली. प्राध्यापक यायला चार आठवडे आहेत, तेव्हा पडताळा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावा का, असं काहीसं त्या पुटपुटल्या. पोस्टमननी माझ्याकडं बघितलं. मी मूग गिळून बसले.

नंतर नर्सबाई कप विसळत होत्या. एकच कप, पण किती वेळ. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही हो मी."

मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

१० मार्च

सकाळी पोस्टमनना जिन्यावर गाठलं. ते म्हणाले, "हे बघा ताई, आपण बोललो तर लेख जाणार, शेड जाणार, नवा अभ्यास जाणार. क्रशरवाला पेढे वाटेल. गप्प बसलो तर फक्त एक नर्सबाई जाणार." मग स्वतःच म्हणाले, "ऐकायला वाईट वाटतं नाही? मलाही वाटलं."

वन्संना कालच सगळं सांगितलं होतं. त्या अंथरुणावर बसून दम्याचा पंप ओढत होत्या. पंप संपवला, तोंड पुसलं. "तू माझ्या नावापुढं तीन लिहिलंस. मी शिंप्यावर बसते. यात खोटं कुठलं?"

"पण विचारलं होतं वेगळं, वन्सं."

"मग विचारणाऱ्याला सांग ना, तू मला काय सांगतेस."

गेले. डॉक्टर एकट्याच होत्या. जुनी वही उघडून शेवटचं पान त्यांच्यापुढं ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हटलं, नर्सबाईंचे चाळीसही फॉर्म खरे आहेत, खोटे माझे आहेत. डॉक्टरांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. "ताई, अठरा वर्षं?" एवढंच म्हणाल्या. मग तक्त्यावर बोट ठेवून, "दोन हजार सातशे माणसं." मग म्हणाल्या, वही इथंच ठेवा, आणि मी सांगेपर्यंत टेकडीवर फॉर्म घेऊन जाऊ नका.

बाहेर आले तर नर्सबाई दारात. त्यांनी ऐकलं असावं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर मी एवढं रडले नसते." बरोबर आहे.

१४ मार्च

मला टेबलावर बसवलंय. जुने कागद वर्षवार लावायचे. खोकी पाठवायच्या आधी आम्ही प्रत्येक फॉर्मची एक प्रत काढून ठेवायचो, त्या सगळ्या प्रती डॉक्टरांनी माळ्यावरून काढायला लावल्या. त्यांना फुंकणीच्या नोंदीही हव्या आहेत. फुंकणी म्हणजे ते यंत्र, ज्यात जोरात फुंकलं की छातीत किती हवा मावते ते कळतं. दर वर्षी सगळ्यांना खाली बोलावून फुंकायला लावायचो, तो आकडा फॉर्मच्या शेवटच्या पानावर असतो. डॉक्टरांनी अकरावा प्रश्न आणि शेवटचं पान, एवढंच वेगळं काढून मागितलं.

कशाला हवंय ते उघड आहे. माझं खोटं किती लांबवर पसरलंय ते मोजणार. मोजू देत.

१९ मार्च

नर्सबाई आणि पोस्टमन रोज टेकडीवर जातात आणि मला सांगत नाहीत कशाला. आज पोस्टमनच्या खिशात मोजायची टेप दिसली. विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी पायऱ्या मोजायला सांगितल्यात." मी म्हटलं, तीनशे बारा. ते म्हणाले, "मलाही माहीत आहे. पण त्यांना प्रत्येक टप्प्याच्या वेगळ्या हव्यात, उंचीसकट."

म्हणजे माझा तक्ता मुळात चुकीचा होता, हेही सिद्ध करणार. अठरा वर्षांची ओळख असून पोस्टमनसुद्धा तिकडच्या बाजूला.

चष्म्यावर धूळ बसली होती म्हणून टाकीपाशी थांबून पुसला. तिथून दवाखान्याची मागची खिडकी दिसते. डॉक्टर आणि नर्सबाई एका कागदावर वाकून उभ्या होत्या. नर्सबाई हसत होत्या.

२८ मार्च

राजीनामा लिहिला. चार ओळींचा. वन्संना वाचून दाखवला. म्हणाल्या, "अक्षर छान आहे." मग म्हणाल्या, "देऊ नकोस. ते काढतील तेव्हा काढतील, तू त्यांचं काम कशाला हलकं करतेस?"

निळ्या वहीतलं अकराव्याचं पान आज भरलं. तक्ता जसा होता तसा लिहिला, कधी केला, कुणी केला, का केला. काढलंच तर निदान पान तरी खरं राहील. लिहून झाल्यावर बरं वाटलं. राजीनामा पिशवीत आहेच.

६ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

प्राध्यापक आले. केस पांढरे झालेत, बाकी तेच. बघताक्षणी ओळखलं, प्रशिक्षणाला आलेले ते साहेब हेच. त्यांनी मला ओळखलं नाही. आम्ही सगळे मागच्या खोलीत बसलो, दार अजून अर्धंच लागतं. डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलत होत्या आणि मधे मधे मला मराठीत सांगत होत्या. आधी अकरावा प्रश्न आला. डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितलं. प्राध्यापकांचं पेन थांबलं. मी पिशवीत हात घालून राजीनामा चाचपला.

मग डॉक्टरांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर ठिपकेच ठिपके. मला म्हणाल्या, "ताई, हे तुमचं. खाली तुमचे टप्पे, माथ्यापासून नळापर्यंत, पोस्टमन आणि नर्सबाईंनी मोजून आणलेले. उंची आहे ती फुंकणीच्या आकड्याची. अठरा वर्षं, सगळी माणसं." मी जवळ जाऊन बघितलं. माथ्यावर ठिपके उंच, शाळेवर जरा खाली, टाकीवर आणखी खाली, शिंप्यावर खूपच. जिना उतरावा तसे उतरत गेले होते, एकही पायरी न चुकवता. शेजारी दुसरा छोटा कागद, नर्सबाईंच्या चाळीस घरांचा, छापील प्रश्नाचा. तिथं सगळे ठिपके एकाच ठिकाणी ढीग करून बसलेले, फुंकणीचा आकडा काही असो.

"आम्ही तुमच्याविरुद्ध काही शोधत नव्हतो हो," डॉक्टर म्हणाल्या. "मी घाबरले होते. खात्री झाल्याशिवाय तुम्हाला आशा दाखवायची नव्हती. चुकलंच माझं, निदान एवढं तरी सांगायला हवं होतं." नर्सबाईंनी पाठीवर हात ठेवला. मी खाली बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांसमोर रडले असते.

प्राध्यापकांनी मला विचारलं, डॉक्टरांनी मराठीत सांगितलं: "इतकी वर्षं आम्हाला कळवलं का नाही?"

मी म्हटलं, "कळवायला फॉर्मवर जागा नव्हती."

डॉक्टरांनी हे त्यांच्या भाषेत सांगितलं. मग मीच पुढं म्हटलं, "आणि एकही शब्द बदलायचा नाही असं सांगितलं होतं. प्रशिक्षणात. तुम्हीच." त्यांनी हे ऐकून चष्मा काढला. आठवत नाही म्हणाले, पण तेव्हा ते प्रत्येक देशात तेच सांगायचे, त्यामुळं सांगितलं असणारच.

माणूस वाईट नाही. पण सवय मोठी. थोड्या वेळानं म्हणाले, हे उत्तम आहे, हे आपण तळटीप म्हणून देऊ, मुख्य प्रश्न मात्र छापील तोच ठेवू, म्हणजे इतर देशांशी तुलना करता येईल. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. आधी त्यांच्या भाषेत आणि मग मला मराठीत, एकेक शब्द सावकाश: "ज्या प्रश्नाला आमच्याकडं सगळे शून्य म्हणतात त्याची तुलना करून काय कळणार? मुख्य प्रश्न जिन्याचा. छापील प्रश्न तळटिपेत. आणि जुन्या लेखाची दुरुस्ती इथून जाईल, ताईंच्या सहीनं."

पोस्टमननी घसा खाकरला. "क्रशरवाल्यानं दुरुस्ती वाचली तर?"

"वाचू दे. पद्धतीची चूक कबूल करू आणि फुंकणीचे आकडे पुढं ठेवू. फुंकणी कुणाचं ऐकत नाही."

प्राध्यापकांनी बराच वेळ भिंतीवरचा कागद बघितला. मग सही केली. सहीखाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की पुढच्या फॉर्मवर विचारणाऱ्याला शेरा लिहायला शेवटी अर्धं पान कोरं ठेवावं. ही त्यांची सूचना आम्ही घेतली.

राजीनामा वन्संनी मागून घेतला. त्याच्या पाठीमागं त्यांनी सामानाची यादी केली.

७ एप्रिल

प्राध्यापकांना जिना बघायचा होता. पोस्टमन त्यांना घेऊन निघाले. प्राध्यापक म्हणाले, सपाट रस्त्यावर रोज तासभर चालतो. शिंप्यावर बसले. वन्सं नेमक्या तिथंच बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा दिली आणि पाणी दिलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "लिही, पाहुणे तीन."

१५ एप्रिल

दुरुस्तीचं पत्र गेलं. मी मराठीत लिहिलं, डॉक्टरांनी भाषांतर केलं, दोन्ही कागद एका पाकिटात. 'अकरावा प्रश्न छापील शब्दांत विचारला गेला नाही. कारण आमच्याकडे सपाट रस्ता नाही.' दुसरं वाक्य ठेवावं की काढावं यावर नर्सबाई आणि डॉक्टर अर्धा तास भांडल्या. ठेवलं. पाकीट पोस्टमननी स्वतः टाकलं आणि आल्यावर म्हणाले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा एखादं पत्र पोचायची काळजी वाटतेय.

२२ एप्रिल

नव्या अभ्यासाचा पहिला दिवस. आजवर नियम होता, विचारणाऱ्यानं स्वतःचा फॉर्म भरायचा नाही. नर्सबाईंनी तो बदलायला लावला. म्हणाल्या, दुसऱ्याला विचारण्याआधी आपल्याला विचारून घ्यावं, म्हणजे प्रश्न कसा लागतो ते कळतं. मग पहिला फॉर्म कुणाचा, तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

स्टुलावर बसले. अठरा वर्षं मी ज्या बाजूला बसायचे तिथं आज नर्सबाई. वय, धंदा, पत्ता पटापट सांगितलं. खोकला, नाही. त्यांनी पान उलटलं.

"जिना चढताना पहिल्यांदा कुठं थांबावं लागतं?"

"माथा," असं तोंडात आलं होतं. ते गिळलं आणि "शाळा" म्हणणार होते. पोस्टमन खिडकीबाहेर बघायला लागले. नर्सबाईंनी घाई केली नाही, पेन धरून बसल्या. माझ्या डोळ्यांपुढं चपलेचा पट्टा आला, चष्मा आला, आणि त्या नोंदी ज्या मी या वहीत स्वतःच्या हातानं केल्यात.

"टाकी," मी म्हटलं.

त्यांनी दोनवर खूण केली. "कधीपासून?"

"हा प्रश्न फॉर्मवर नाही."

"असायला हवा," त्या म्हणाल्या आणि शेवटच्या कोऱ्या अर्ध्या पानावर लिहायला लागल्या. मी सांगितलं, गेल्या वर्षापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. सत्तावीसशे माणसांना विचारलं आणि घरचीच बाई राहून गेली.

डॉक्टरांनी तिथंच फुंकायला लावलं, तीनदा. आकडा बघून त्यांनी ओठ दाबले, मग मोकळेपणानं म्हणाल्या, "धूळ आहे, ताई. पण लवकर सापडलंय. पंप सुरू करू आणि दर महिन्याला फुंकायचं. वन्संसारखं होऊ देणार नाही." माझा फॉर्म त्यांनी स्वतः कपाटात ठेवला. पहिल्या कप्प्यात, पहिला कागद. कुलूप लावलं आणि एक किल्ली माझ्या हातात दिली.

संध्याकाळी घरी निघाले. नळ गेला, शिंपी गेला. टाकीपाशी आले. वरून वन्संनी हाक मारली, "अगं, आज काय झालं चपलेला?"

"काही नाही," मी वर बघून म्हटलं, "दम लागलाय." आणि बसले.